सुवर्णभूमीवरचं शेवटचं जेवण: खाली की आत?

बँकॉकहून मुंबईचं विमान धरायचं म्हणजे सुवर्णभूमी विमानतळावर एक जेवण होतंच. ते कुठे करायचं एवढाच प्रश्न असतो. सामान चौथ्या मजल्यावर जमा करून लिफ्टने खाली पहिल्या मजल्यावरच्या मॅजिक फूड पॉइंटमध्ये जायचं, की सिक्युरिटी आणि इमिग्रेशन उरकून आतल्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये बसायचं? मी दोन सहलींत दोन्ही केलं आहे. दोन्ही वेळा आई बरोबर होती. ती पक्की शाकाहारी आहे, तिला अंडंसुद्धा चालत नाही. माझं मत बनलं ते त्यावरून, म्हणून हे आधीच सांगतो.

पहिल्या सहलीत आम्ही आत जेवलो. त्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. रांगा मागे पडलेल्या असतात, विमान चुकायची धाकधूक नसते, खुर्च्या चांगल्या असतात. इमिग्रेशन ओलांडलं की समोर समुद्रमंथनाचं ते प्रचंड शिल्प येतं: मंदार पर्वतावर विष्णू, खाली कूर्म, वासुकीला धरून ओढणारे देव आणि असुर. आई त्याच्यापुढे दहा मिनिटं उभी होती. परक्या देशात शेवटच्या दिवशी आपली गोष्ट अशी भेटल्यावर मन भरून येतं. दर बाहेरच्या तिप्पट-चौपट वाटले, पण शेवटच्या दिवशी त्याचं फारसं काही वाटत नाही.

खटकलं ते वेगळंच. आईसाठी भाज्या घातलेला फ्राइड राइस मागवला. ‘नो मीट, नो फिश, नो एग’ असं दोनदा सांगितलं, वाढणाऱ्या मुलीने हसून मान डोलावली. पहिला घास घेऊन आईने चमचा खाली ठेवला. म्हणाली, “अरे, याला वास येतोय.” नाम प्ला, म्हणजे माशापासून केलेला सॉस. थाई स्वयंपाकात तो मिठाच्या जागी पडतो, त्यामुळे त्या मुलीच्या हिशेबी भातात मासा नव्हताच. ती खोटं बोलली नव्हती. मग परतलेल्या मश्रूमची प्लेट मागवली, तर तिच्यात ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. स्वयंपाकघर भिंतीपलीकडे. निरोप आत जायचा, प्लेट बाहेर यायची, आणि कढईत काय पडलं हे विचारायला समोर कोणीच नाही. शेवटी आईने पिशवीतला चिवडा खाल्ला आणि तेवढ्यावर चार तासांच्या वर विमानात काढले. पैसे गेले त्याचं काही नाही, पण आई उपाशी बसली हे मला फार लागलं.

दुसऱ्या सहलीत खाली गेलो. लिफ्टमध्ये १ दाबायचं, तिथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात. आठ नंबरच्या दाराशी फूड कोर्ट आहे. विमानतळावर काम करणारी माणसंही तिथेच जेवतात. काउंटरवर रोख देऊन कूपनं घ्यायची, हव्या त्या गाळ्यावर द्यायची, उरलेली परत करून पैसे घ्यायचे. दर शहरातल्या साध्या खानावळीसारखे.

पण माझ्या लेखी मुख्य गोष्ट ही, की कढई समोर असते. मी बाईंना म्हटलं, ‘किन जे’. ‘जे’ म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध, झालंच तर कांदा-लसूणही वर्ज्य असलेलं जेवण. त्याची पाटी बहुधा पिवळी असते आणि तिच्यावरची लाल अक्षरं आपल्याला इंग्रजी १७ सारखी दिसतात. पुढे ‘माय साय नाम प्ला’, माशाचा सॉस घालू नका, हेही जोडलं. बाईंनी एक बाटली उचलून मला दाखवली, मी मान हलवली. त्यांनी ती ठेवून सोया सॉसची दाखवली, मी हो म्हटलं. संपलं. आईने भात-भाजी पूर्ण खाल्ली. वर आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात घेतला, तेव्हा “हा तर नारळीभाताचा भाऊ” म्हणून माझ्या वाटणीचाही अर्धा संपवला.

खालीही उणिवा आहेत. दुपारी बाराच्या सुमाराला गर्दी उसळते, टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं, आवाज असतो. कढई आणि झारा सगळ्यांना एकच. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी घरचे ठेपले-दशम्या जवळ ठेवाव्यात, त्यांच्यासाठी खाली आणि आत यात फरक नाही. मासे-चिकन खाणाऱ्याला माझी अडचण येणारच नाही. लहान मुलं पेंगुळलेली असतील तर तुम्हाला आतलंच बरं वाटेल, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही.

बोर्डिंग पासवर गेटचा नंबर एस अक्षराने सुरू होत असेल तर मात्र घड्याळाकडे बघा. ती गेट सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या वेगळ्या इमारतीत आहेत आणि इमिग्रेशननंतर जमिनीखालच्या गाडीने तिथे जावं लागतं. खाली जेवायचं तर सामान काउंटर उघडताच जमा करा, अर्ध्या-पाऊण तासात जेवण उरका आणि वर या. आम्ही तसंच केलं, आणि समुद्रमंथनापुढे उभं राहायला आईला या वेळीही दहा मिनिटं मिळाली.