नागपूरच्या गाडीला विंटर टायर: घ्यायचे की नाही?

डिसेंबरात मनालीचा बेत ठरला की टायरच्या दुकानात हा प्रश्न हमखास येतो. निकाल आधीच सांगून टाकतो. बर्फात विंटर टायरला पाचपैकी साडेचार गुण. नागपुरात अर्धा, तोही टायर गोल आहे म्हणून.

खोल नक्षी असली की झाला विंटर टायर, असा समज आहे. खरा फरक रबरात असतो. हवा साधारण ७ अंशांच्या खाली गेली की नेहमीच्या टायरचं रबर आखडायला लागतं, रस्त्याच्या खडबडीत कणांत रुतत नाही आणि पकड कमी होते. विंटर टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा असतात. चाक टेकलं की त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. रुंद खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फावर बर्फ जसा धरतो तसं रबर धरत नाही. रचना हुशार आहे, यात वाद नाही.

आता नागपूरचा पारा बघा. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली, २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची. म्हणजे सात अंशांखालची थंडी इथे पडतच नाही असं नाही. पण ती मोजक्या दिवसांची, पहाटेची आणि कोरड्या रस्त्यावरची. ऑफिसच्या वेळेपर्यंत ऊन वर आलेलं असतं, आणि कोरड्या सिमेंटवर साधा टायर तेवढी थंडी सहज काढतो. मे अखेरच्या नवतप्यात मात्र डांबर ६० अंशांच्या पुढे तापतं. त्यावर विंटर टायरचे मऊ, चिरा पाडलेले ठोकळे ब्रेक दाबल्यावर आडवे होतात. गाडी थांबायला जास्त अंतर घेते, स्टिअरिंग लुळं वाटतं, ठोकळ्यांच्या कडा फाटून टायर झपाट्याने घासतो. ठोकळा जितका वाकतो तितकी उष्णताही वाढते. चार माणसं, भरलेली डिकी आणि समृद्धीवर तासाला १२० किलोमीटर, असा मेळ जमला तर हा प्रश्न फक्त टायरच्या आयुष्याचा राहत नाही.

मिळतात का, हा वेगळाच मुद्दा. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आहे आणि आयएसआय चिन्हाशिवाय गाडीचा नवा टायर विकता येत नाही. त्यामुळे स्विफ्टच्या १८५/६५ आर१५ सारख्या चालत्या मापात खरा विंटर टायर दुकानात ठेवून विकण्यात कुणालाच रस नसतो. आपल्या कंपन्यांना तो बनवता येत नाही असं नाही. अपोलोच्या मालकीचा व्रेडेस्टाइन हा ब्रँड युरोपात विंटर टायर विकतो. (बुटीबोरीतल्या सिएटच्या कारखान्याकडे आशेने बघू नका, तिथे दुचाकीचे टायर बनतात.) कुणी ‘इम्पोर्टेड स्नो टायर’ स्वस्तात देत असेल तर आधी साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, वाचा. त्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल, तरच त्या टायरची बर्फावर ठरलेली चाचणी झालेली असते. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा, त्यामागे बर्फाची चाचणी असेलच असं नाही. एसयूव्हीच्या बहुतेक एटी (ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांच्या) टायरवर हीच अक्षरं असतात आणि तेवढ्यावर ते ‘बर्फाचे’ म्हणून खपवले जातात. बीएफगुडरिचच्या केओ२ सारख्या काही एटी टायरवर डोंगराचं चिन्हही असतं. पण तो जड आणि आवाज करणारा टायर आहे. वर्षभर वर्धा रोडवर चालणाऱ्या क्रेटाला तो कशाला?

मग मनालीचं काय? साखळ्या. बर्फ पडला की सोलंग आणि अटल बोगद्याकडे पोलिस फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. साखळ्या मनालीत भाड्याने मिळतात, टॅक्सीही मिळते. दोन दिवसांच्या बर्फासाठी टॅक्सी हा सगळ्यात शहाणा खर्च. स्वतःच जायचं असेल तर साखळी टायरच्या नेमक्या मापाची घ्या आणि गाडीच्या पुस्तिकेत साखळीबद्दल काय लिहिलंय ते निघण्याआधी वाचा. चाक आणि मडगार्डमध्ये जागा कमी असेल तर साखळी आत घासते. स्विफ्ट, ब्रेझा, क्रेटा यांना पुढच्या चाकांना, बोलेरोला मागच्या. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते ती चाकं. गाडी रुतल्यावर नाही, रुतायच्या आधी सपाट जागी लावा. शंभरेक मीटर चालवून थांबा आणि पुन्हा ताणून घ्या, कारण पहिल्या फेऱ्यांत ती हमखास सैल पडते. वेग ताशी ३०-४०. कोरडं डांबर लागलं की लगेच काढा. डांबरावर कड्या तुटतात आणि तुटलेली कडी ब्रेकच्या पाइपवर आपटते. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. नागपुरात रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टाकायची सवय आहे, ती मनालीत महागात पडते. शून्याखाली ते पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असायला हवं.

विंटर टायरचे वाचलेले पैसे नागपूरला लागतात त्या टायरवर घाला. आधी तारीख बघा: साइडवॉलवर ‘डॉट’ (DOT) पासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे ‘२३२५’ असतील तर २०२५ चा तेविसावा आठवडा. दीड-दोन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत गळ्यात मारायची पद्धत जुनी आहे. साइडवॉलवर ‘टेंपरेचर’पुढे ए, बी किंवा सी अक्षर असेल तर ए घ्या. ते उष्णता सोसण्याच्या क्षमतेचं असतं, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात आधी बघायला हवं. ‘ट्रेडवेअर’चा, म्हणजे नक्षी किती टिकेल त्याचा, आकडा फुगलेला असला की दुकानदार खूश होतो. टायर टिकतोही, पण कडक रबराची ओल्या सिमेंटवरची पकड अनेकदा बेताची असते. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते, पण मृगाच्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी फेकत नाही, पाण्यावर तरंगतो. म्हणून टायर बदलायचेच असतील तर मे महिन्यात. दोनच घेत असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. मागचं चाक घसरलं की गाडी फिरते, आणि ती सावरणं फार अवघड असतं.

दिसायला भारी म्हणून मोठी रिम आणि पातळ साइडवॉल टाळा. सिमेंट रोडची कडा आणि शेजारचं गट्टू किंवा डांबर यांच्यात जी पायरी राहते, ती वेगात चढली की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, दाराच्या स्टिकरप्रमाणे भरा. भरलेल्या गाडीचा आकडा तिथे वेगळा दिलेला असतो. दुपारी तापलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसले म्हणून हवा काढू नका. टायर कमी हवेने जास्त वाकतो, वाकल्याने तापतो, आणि उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

मनालीत हवेचा काटा फसवा वागतो. नागपुरात १५ अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा तिथे उणे दोन अंशांत साधारण तीनने कमी दिसायला हवी. पण दोन हजार मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने काटा जवळपास तितकाच वर सरकतो आणि ३३ च्याच आसपास राहतो. त्यामुळे तिथे हवा भरूही नका, काढूही नका. उतरून अंबाल्याच्या आसपास आलात की सकाळी थंड टायरवर एकदा तपासा, स्टेपनीसकट.