स्वस्त वस्तू की खात्यात रोकड? गरिबांसाठीच्या खर्चाची रचना ठरवताना

विकसनशील देशाच्या अर्थखात्यासमोर बहुधा दोन वाटा असतात. एक, वस्तूचा भाव सरकारने दाबून धरायचा. दुसरी, भाव मोकळा सोडून रोकड थेट कुटुंबाच्या खात्यात टाकायची. चर्चा होते ती मुख्यतः गळतीवर, म्हणजे गरिबापर्यंत न पोहोचणाऱ्या मदतीवर. मला मात्र आधी दुसरंच पाहावंसं वाटतं: महागाई वाढली की तिचा भार कुणाच्या डोक्यावर येणार?

इजिप्तमध्ये अनुदानित रोटी ३० वर्षांहून अधिक काळ ५ पियास्टरला (पियास्टर म्हणजे इजिप्शियन पौंडाचा शंभरावा भाग) मिळत होती. जून २०२४ मध्ये ती २० पियास्टर झाली. मधल्या काळात गव्हाचे भाव चढले, चलन कोसळलं, तरी ती झळ बव्हंशी तिजोरीने सोसली. गरिबाच्या दृष्टीने हे संरक्षण फार मोलाचं आहे. पण एकदा सुरू केलेली सवलत मागे घेणं महाकठीण. जानेवारी १९७७ मध्ये खाद्यपदार्थांवरचं अनुदान कमी करताच दंगली उसळल्या आणि सरकारला काही दिवसांतच माघार घ्यावी लागली.

इराणने उलटी वाट धरली. डिसेंबर २०१० मध्ये इंधन, वीज, पाव यांचे भाव एकदम वाढवले आणि माणशी महिना ४,५५,००० रियाल द्यायला सुरुवात केली. तयारी वाखाणण्याजोगी होती. भाव वाढण्याआधीच कुटुंबप्रमुखाच्या खात्यात पैसे जमा झाले होते. ते दिसत होते, पण दरवाढ लागू होईपर्यंत काढता येत नव्हते. लोकांचा विश्वास बसला. गरीब कोण हे ठरवण्याचा खटाटोप सोडून रक्कम जवळपास सगळ्यांनाच दिली, त्यामुळे गरजू वगळला जाण्याची भीतीही कमी झाली. घोडं अडलं ते पुढे. रक्कम वर्षानुवर्षं तेवढीच राहिली आणि महागाईने तिची किंमत खाऊन टाकली. इजिप्तमध्ये भाव गोठला होता, इथे मदत गोठली.

इंधनाच्या सवलतीबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. ज्याच्याकडे गाडी, त्यालाच पेट्रोल अनुदानाचा मोठा वाटा जातो. ते काढून रोकड द्यावी. फक्त यादी आधी तयार हवी. इंडोनेशियाने ऑक्टोबर २००५ मध्ये इंधनाचे भाव दुपटीहून जास्त वाढवले आणि गरीब कुटुंबांना महिना १ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन) याप्रमाणे तीन महिन्यांचे पैसे एकदम दिले. यादी घाईत झाली होती, त्यामुळे वगळलेल्यांचा संताप गावोगावी स्थानिक अधिकाऱ्यांवर निघाला. ब्राझीलचं तसं झालं नाही. तिथे कुटुंबांची एकत्रित नोंदणी २००१ पासून होत होती, बोल्सा फॅमिलिया ही गरीब कुटुंबांना रोकड देणारी योजना २००३ मध्ये तिच्या आधारावर उभी राहिली. त्यातही पैसे शक्यतो घरातल्या बाईच्या नावे जातात. खर्च बरीच वर्षं राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता.

पैसा कुठून येतो हेही तपासा. तो मूल्यवर्धित करातून येत असेल, तर गरीब माणूस दुकानात कर भरतो आणि खात्यात मदत घेतो. काही देशांत हिशेब मांडल्यावर त्याच्या हाती आधीपेक्षा कमीच उरतं.

बँक, मोबाइल किंवा टपाल कार्यालय गावापर्यंत पोहोचत असेल तर माझा कौल रोकडीला. रकमेची दरवर्षीची वाढ महागाई निर्देशांकाला बांधून ती कायद्यातच लिहावी. ते जमणार नसेल किंवा महागाई बेफाम असेल, तर किलोत मोजलेलं धान्य बरं.