तोंडातल्या डागासाठी जवळचा दवाखाना की दंत महाविद्यालय?

तोंडात पांढरा, तांबडा किंवा काळसर डाग दिसला की मुंबईत राहणाऱ्यापुढे सहसा दोन वाटा असतात: घराजवळचा दातांचा दवाखाना, नाहीतर दंत महाविद्यालयाची ओपीडी, म्हणजे सीएसएमटीजवळचे शासकीय किंवा मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर. डाव्या गालाच्या आतल्या बाजूस आलेल्या पांढऱ्या चट्ट्यामुळे मला दोन्ही वाटा चालाव्या लागल्या.

दवाखान्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. संध्याकाळी कामावरून परतताना जाता येते आणि डॉक्टरांना आपले दात ठाऊक असतात. माझ्या हिरडीवरचा निळसर करडा ठिपका त्यांनी पाहताक्षणी ओळखला; शेजारच्या दाढेत पूर्वी भरलेल्या चांदीचे कण तिथे रुतले होते आणि तो निरुपद्रवी होता. आपल्याकडे पुष्कळांच्या हिरड्या जन्मतःच सावळ्या असतात, धूम्रपानानेही त्या काळवंडतात. अशा रंगासाठी, तो बरीच वर्षे तसाच असेल तर, दवाखाना पुरेसा आहे असे मला वाटते.

पांढऱ्या चट्ट्याचे मात्र तसे नसते, कारण एकाच रंगामागे निरनिराळी कारणे असू शकतात. बुरशीचा थर बहुधा कापसाने पुसला जातो, लायकेन प्लॅनस या त्वचेच्या व तोंडाच्या अस्तराच्या आजारात जाळीसारख्या रेषा दिसतात, आणि पुसला न जाणारा, दुसरे कोणतेही कारण न सापडणारा चट्टा ल्युकोप्लेकिया ठरतो, ज्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता असते. म्हणून चट्टा वाढतो आहे की ओसरतो आहे, हे कळणे निदानाचा मोठा भाग असतो, आणि माझे दवाखान्याशी बिनसले ते नेमके इथेच. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा नवे मलम मिळाले, आणि तिन्ही वेळा ‘कधीपासून आहे?’ हा प्रश्न पहिल्यापासून विचारला गेला. चट्टा किती मोठा होता हे कुठेच लिहिलेले नसल्याने, ‘मागच्यापेक्षा कमी वाटतोय’ या डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हते. ते मन लावून तपासत, हेही सांगितले पाहिजे. पण महिनाभर मी रोज रात्री आरशासमोर गाल ताणून पाहत असे, आणि ती धास्ती मला अजून आठवते.

दंत महाविद्यालयात सकाळचा अर्धा दिवस जातो आणि शिकाऊ डॉक्टरही तोंडात डोकावतात, ज्याने काहींना संकोच वाटेल. पण मुखरोग विभागात चट्टा मोजून केसपेपरवर आकृतीसह नोंदवला गेला, सुपारी, मिश्री, तंबाखू यांची चौकशी झाली, तोंड किती उघडते तेही मोजले (सुपारीने गाल पांढुरके व ताठर होऊन ते कमी उघडू लागते), आणि बोट फिरवताच वरच्या दाढेची तुटकी धार सापडली. ती घासून गुळगुळीत केल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजले तेव्हा नऊ मिलिमीटरचा चट्टा चारवर आला होता. उरलेल्या भागाचा छोटा तुकडा जागा बधिर करून काढला, एक टाका पडला, आणि अहवालात घर्षणाने जाड झालेली त्वचा एवढेच निघाले. मी बायोप्सीला जितका घाबरलो होतो, तितके त्यात खरोखर काही नव्हते.

प्रत्येकाची सोय वेगळी असते, त्यामुळे आग्रह धरणार नाही. तरीही डाग तांबडा असेल, हाताला कडक लागत असेल, किंवा तंबाखू-सुपारीची सवय असेल, तर मलमांत आठवडे न घालवता मी माझ्या भावाला सकाळच्या गाडीने महाविद्यालयातच पाठवीन. दवाखानाच सोयीचा असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना चट्टा मोजून लिहायला सांगावे आणि त्या कागदाचा फोटो स्वतःजवळ ठेवावा. माझ्या केसपेपरवर पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची आहे, आणि तिच्याशेजारी मोजमापासाठी जागा रिकामी सोडलेली आहे.