सँटोरिनीच्या कड्यावर राहायचं, पण नेमकं कुठे? इया, इमेरोविग्ली, फिरोस्तेफानी की खाली कमारी

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर पहिल्या खेपेला आम्ही इयाला उतरलो. (लिहिताना ‘ओया’ दिसतं, तिथले लोक ‘इया’ म्हणतात.) जिथे रस्ता संपतो तिथे टॅक्सीवाल्याने सोडलं. हॉटेलचा मुलगा आला, मोठी बॅग खांद्यावर टाकली, दुसरी हातात धरली आणि संगमरवरी गल्लीतून गर्दी कापत चालू लागला. दहाएक मिनिटांनी एक छोटं निळं फाटक आलं आणि तिथून पायऱ्या थेट समुद्राच्या दिशेने उतरत गेल्या. मी मोजल्या, ९४ भरल्या. एक वीतभर उंच, तर दुसरी गुडघ्याला ताण देणारी, कारण डोंगर जसा मिळाला तशी कोरलेली. खाली पोहोचल्यावर गच्चीतून जे दिसलं ते पाहून मी बराच वेळ बॅगेला हातही लावला नाही. पण त्या दोन दिवसांत त्या ९४ पायऱ्या आम्ही किती वेळा चढलो-उतरलो, ते पोटऱ्यांनी पुढचा आठवडाभर लक्षात ठेवलं.

त्या खेपेला, जूनमध्ये, दोन रात्री इया आणि दोन रात्री इमेरोविग्ली असं केलं. नंतर एका सप्टेंबरात सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा तीन रात्री फिरोस्तेफानी आणि दोन रात्री खाली कमारीच्या किनाऱ्यावर. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, “कड्यावरचं हॉटेल घ्यावं का? घ्यायचं तर कुठल्या गावात?” माझं उत्तर सोबत कोण आहे यावर बदलतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी हा कडा म्हणजे काय ते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपास इथे ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला आणि बेटाचा मधला भाग समुद्रात खचला. उरलेली कड म्हणजे आजचं चंद्रकोरीसारखं सँटोरिनी. आतल्या बाजूला कुठे कुठे ३०० मीटर उंचीचा सरळसोट कडा, खाली समुद्राने भरलेलं विवर, त्यालाच कॅल्डेरा म्हणतात. मध्ये नेआ कामेनी नावाचं काळं ज्वालामुखी बेट, पलीकडे थिरासिया. त्या उद्रेकाची राख कड्यावर जाड थरात बसली आहे. ती कुदळीने खोदता येण्याइतकी मऊ, पण खोदल्यावर उभी राहण्याइतकी घट्ट. लोकांनी तिच्यात घरं कोरली. इयाला वर जहाजांच्या कप्तानांचे वाडे आणि खाली खलाशांची ही गुहेसारखी घरं. आज हजारो रुपये मोजून आपण झोपतो ती बहुतेक त्या गरीब खलाशांच्याच घरांत, हे मला फार भिडलं.

यातून तीन गोष्टी निघतात आणि त्या कड्यावरच्या बहुतेक हॉटेलांना लागू पडतात. एक म्हणजे पायऱ्या. दुसरं, गुहेची खोली. छत घुमटाकार, भिंती जाड, बाहेर ऊन भाजत असलं तरी आत गारवा. पण खिडकी बहुधा एकाच बाजूला, दाराशी. आतल्या टोकाला असलेल्या न्हाणीघरात उजेड नसतो, आणि काही खोल्यांत ओल जाणवते. सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे, म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही मुद्दाम जमिनीवर बांधलेली, दोन्हीकडे खिडक्या असलेली खोली मागितली. तिसरं म्हणजे खासगीपणा. घरं एकावर एक रचल्यासारखी असल्यामुळे तुमचं अंगण हे वरच्याचं खालचं दृश्य असतं. फोटोत एकांतातला वाटणारा पाण्याचा हौद प्रत्यक्षात वाटेवरच्या लोकांना सरळ दिसतो. नवविवाहितांनी ही गोष्ट आधी विचारूनच घ्यावी. शिवाय हे छोटे हौद सगळीकडे गरम पाण्याचे नसतात आणि मे महिन्यात त्यात पाय टाकला की अंगावर काटा येतो.

आता गावं.

इया सगळ्यांत देखणं, यात शंका नाही. निळे घुमट, पांढऱ्या भिंती, खाली आमूदीचं बंदर आणि तिथल्या माशांच्या खानावळी. सकाळी सातला उठून गल्लीत गेलात तर गाव तुमचं एकट्याचं असतं. मांजरं, झाडू मारणारी बाई आणि पावाचा वास. तो एक तास मिळावा म्हणून इयाला रात्र काढणं मला आजही योग्य वाटतं, कारण अकरानंतर फिरायला येणाऱ्यांना तो कधीच मिळत नाही. पण संध्याकाळी उलट होतं. सूर्यास्त पाहायला जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींवर लोक दोन-दोन तास आधी जागा धरतात, गल्लीत हलता येत नाही, आणि हॉटेलवाल्यांना फाटकाला साखळी लावून ‘खासगी जागा’ अशी पाटी ठेवावी लागते. आमच्या गच्चीवरही एक जोडपं सहज उतरून फोटो काढू लागलं होतं.

आणि इयाच्या सूर्यास्ताबद्दलची जी गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती ती ही. इयाची कॅल्डेराकडची बाजू मुख्यतः दक्षिणेला तोंड करून आहे. जूनमध्ये सूर्य वायव्येकडे बराच सरकून मावळतो. त्यामुळे गावाच्या मधल्या-पूर्वेच्या भागातल्या खोल्यांतून उन्हाळ्यात सूर्य समुद्रात बुडताना दिसतच नाही, तो गावाच्या मागे जातो. हॉटेलच्या माहितीत ‘सूर्यास्ताचं दृश्य’ लिहिलेलं होतं, आम्ही साडेआठला खुर्च्या मांडून बसलो आणि समोरचे कडे गुलाबी होत गेले, पण सूर्य काही दिसला नाही. ते गुलाबी होणंही सुंदर होतंच. तरी त्याच कारणासाठी जास्तीचे पैसे दिले असतील तर मन खट्टू होतं. किल्ल्याच्या टोकाजवळची किंवा पश्चिमेकडची खोली असेल तरच जूनमध्ये सूर्य मिळेल.

इमेरोविग्ली माझं आवडतं. कॅल्डेराच्या कडेवरचं हे सगळ्यांत उंच गाव. नावातच दिवसाचा पहारा आहे, कारण चाचे येत आहेत का हे इथून पाहायचे. समोर स्कारोसचा खडक, जिथे एके काळी बेटाची राजधानी होती. आता ओसाड अवशेष आणि मागच्या बाजूला कड्याला बिलगलेलं एक चिमुकलं चर्च. सकाळी नाश्त्याआधी आम्ही तिकडे उतरलो, तासाभरात परत आलो, वाटेत एकही माणूस भेटला नाही. इथल्या खोल्या पश्चिमेकडे पाहतात, त्यामुळे सूर्यास्त आपल्या खुर्चीतून दिसतो. कुठे जागा धरायला जावं लागत नाही. आवाज नाही, दुकानं जवळपास नाहीत, रात्री दहानंतर फक्त वारा.

तो वारा मात्र लक्षात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा एजियन समुद्रावर वाहतो आणि उंचावर त्याचा जोर जास्त. आम्ही जूनमध्ये होतो तरी गच्चीतला नाश्ता मांडताना हॉटेलच्या मुलीने टेबलक्लॉथला चारी कोपऱ्यांना चिमटे लावले, आणि तरीही माझ्या ताटातली चीजची चकती शेजारच्या कुटुंबाच्या अंगणात गेली. कधी समुद्रावरून ढग वर चढतो आणि अर्धा तास काहीच दिसत नाही. शिवाय जेवायला पर्याय थोडे. ज्यांना रोज संध्याकाळी बाजारात फिरायची हौस आहे ते इथे दुसऱ्या दिवशी कंटाळतील. दोघंच आहात, बोलायला, वाचायला, गप्प बसायला वेळ हवाय, तर इमेरोविग्लीच घ्या.

फिरा ही बेटाची राजधानी. बसस्थानक, दवाखाने, बँका, केबल कार, सगळं इथे. जुन्या बंदरापर्यंत सुमारे ५८८ पायऱ्यांची वाट उतरते आणि तिच्यावर गाढवं चालतात. (२०१८ पासून ग्रीसमध्ये जनावरावर १०० किलोपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार टाकायला बंदी आहे. तरी मी तुम्हाला केबल कारच सुचवेन. दुपारच्या उन्हात ती जनावरं उभी असलेली पाहवत नाहीत.) त्या वाटेजवळच्या हॉटेलांत दृश्य उत्तम मिळतं आणि सोबत शेणाचा वासही. क्रूझ जहाजं लागली की सकाळपासून दुपारपर्यंत गल्ल्या तुडुंब भरतात. २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा ठरवली आहे, पण बेटाची स्वतःची वस्ती पंधरा-सोळा हजारांची आहे, म्हणजे अंदाज करा.

म्हणून फिरात राहण्यापेक्षा फिरोस्तेफानी. फिराच्या मध्यापासून पायी दहा-पंधरा मिनिटं, वाट बरीचशी सपाट, तेच दृश्य आणि निम्मी गर्दी. ज्येष्ठांना घेऊन कड्यावर राहायचं तर हाच एक भाग मी निःशंकपणे सांगेन, कारण इथे काही हॉटेलं अशी आहेत की जिथे वरच्या पातळीवरच्या खोलीत रस्त्यावरून मोजक्या पायऱ्यांत पोहोचता येतं. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या पहिल्या दिवशी कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे तर पाण्याने भरलेलं पातेलं आहे, आणि आपण काठावर.” कॅल्डेरा या शब्दाचा मूळ अर्थ हंडा-कढई असाच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

जेवणाची चिंता शाकाहाऱ्यांनी करू नये. सँटोरिनीचा फावा हा पिवळ्या डाळीचा घोटून केलेला पदार्थ. ती डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या जातकुळीतली. वर कच्चा कांदा, ऑलिव्ह तेल, लिंबू. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि “घट्ट वरण आहे की” म्हणून पुढचे तीन दिवस तेच मागवलं. टोमॅटोकेफ्तेदेस म्हणजे इथल्या छोट्या, दाट टोमॅटोची भजी, ती गरमच खावी. पांढरी वांगीही मिळतात. नळाचं पाणी पिऊ नये, बाटलीचंच घ्यावं, आणि तो खर्च रोजचा धरावा.

कमारी कड्याच्या उलट बाजूला, पूर्वेला. काळ्या खड्यांचा किनारा, सपाट रस्ता, बाकांवर बसलेली म्हातारी माणसं, पोहणारी मुलं. इथे सूर्य समुद्रातून उगवतो. खोलीचं भाडं हंगामात कड्याच्या कितीतरी कमी. सामान सरकवत थेट दारापर्यंत नेता येतं. विमानतळ जवळ असल्याने विमानांचा आवाज येतो आणि दुपारी किनारा इतका तापतो की चपलेशिवाय दोन पावलं टाकता येत नाहीत. पण सासऱ्यांना पाच दिवसांतलं काय आवडलं विचारलं तर ते आधी कमारीचं नाव घेतात, कारण तिथे त्यांना कोणाचा हात धरावा लागला नाही. लहान मुलं असतील तर माझंही मत कमारी किंवा पेरिसा (हेही असंच काळ्या किनाऱ्याचं गाव) यांनाच. कड्यावरच्या काही अंगणांना कठडे गुडघ्याएवढेच असतात, आणि बरीच हॉटेलं ठरावीक वयाखालची मुलं घेतच नाहीत. एक संध्याकाळ बसने फिराला जाऊन कडा पाहून यावा.

पैशांचं बोलायचं तर कड्यावर दोन, फार तर तीन रात्री पुरेत. चौथ्या दिवशी दृश्य तेच असतं आणि बिल मोठं होतं. आधी कमारी, मग कडा असा क्रम ठेवावा; आम्ही उलट केलं आणि कमारीला पहिला अर्धा दिवस सगळ्यांना उगाच उतरल्यासारखं वाटलं. सरकारी पर्यावरण शुल्क वेगळं लागतं. २०२५ च्या दराने एप्रिल ते ऑक्टोबर पंचतारांकित हॉटेलला खोलीमागे रात्रीला १५ युरो, चार तारांकितला १० युरो. बुकिंगच्या रकमेत ते बहुधा नसतं, काउंटरवर द्यावं लागतं. मे अखेर आणि सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा मला सर्वांत चांगला वाटतो. हिवाळ्यात कड्यावरची पुष्कळ हॉटेलं बंद असतात.

भूकंपाबद्दल लोक दबकत विचारतात, मी उघड सांगते. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात इथे ५० हून अधिक माणसं गेली आणि इयाची बरीच घरं कोसळली. २०२५ च्या जानेवारी अखेरीपासून सँटोरिनी आणि शेजारच्या अमोर्गोस बेटाच्या मधल्या समुद्रात हजारो धक्के बसले, फेब्रुवारीत सर्वांत मोठा ५.३ चा, आणि ११,००० हून जास्त लोक काही काळ बेट सोडून गेले. पुढे धक्के ओसरले आणि हंगाम सुरू झाला. मी पुन्हा जाईन. पण पूर्ण पैसे आगाऊ भरून परत न मिळणारं बुकिंग करणार नाही, आणि प्रवास विम्यातली नैसर्गिक आपत्तीची ओळ वाचल्याशिवाय विमा घेणार नाही.

बुकिंगआधी हॉटेलला एक ईमेल जरूर करा. रस्त्यापासून माझ्या खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, त्यांना हाताने धरायला कठडा आहे का, नाश्त्याला पुन्हा वर चढावं लागेल का, माझ्या तारखांना त्या खोलीतून सूर्य कुठे मावळतो, अंगण वाटेवरून दिसतं का. दुसऱ्या खेपेला मी पाच हॉटेलांना हेच विचारलं. तिघांनी ‘थोड्याशा पायऱ्या’ असं कळवलं. एकाचं उत्तरच आलं नाही. पाचव्याने लिहिलं, “अकरा पायऱ्या, डाव्या हाताला लोखंडी कठडा, सहावी पायरी जरा उंच आहे, आईंना सांगा.” आम्ही तिथेच राहिलो. सहावी खरंच उंच होती.