मालागासी आणि योरुबा : वाशीतील तौलनिक अभ्यासवर्गाचे परीक्षण

वाशी रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावरील एका छोट्या भाषावर्गात सध्या शनिवार-रविवारी मालागासी आणि योरुबा या दोन भाषा एकाच अभ्यासक्रमात, एकमेकींशी ताडून आणि मराठी माध्यमातून शिकवल्या जातात. वाशीच्या मसाला बाजारात मादागास्करची लवंग येते, आणि नोकरीनिमित्त नायजेरियातील लागोसला राहून आलेली माणसेही नवी मुंबईत भेटतात; त्यामुळे व्यवहारापुरती भाषा हवी असलेले आणि भाषांच्या अभ्यासाची मुळातच ओढ असलेले असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी येथे शेजारी शेजारी बसतात. अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ही जोडी निवडण्याची कल्पना उत्तम आहे. मात्र मालागासीला मिळालेला न्याय योरुबाला मिळत नाही, आणि त्याला कारण शिक्षक नसून छापील पुस्तिका आहे.

दोन्ही भाषा आफ्रिकेच्या नकाशावर सापडतात म्हणून त्या नात्यातल्या असतील, हा समज पहिल्याच तासाला दूर केला जातो. योरुबा ही नायजर-काँगो कुळातील भाषा नैर्ऋत्य नायजेरियात, तसेच बेनिन आणि टोगोमध्ये बोलली जाते. मादागास्करची मालागासी मात्र मलाय आणि हवाईयन यांच्या ऑस्ट्रोनेशियन कुळातली आहे. तिची सर्वांत जवळची नातलग मान्यान ही भाषा सुमारे 7000 किलोमीटर दूर, बोर्निओ बेटाच्या आग्नेय भागात बोलली जाते, आणि हे नाते नॉर्वेचे अभ्यासक ओटो क्रिस्टियान डाल यांनी 1951 मध्ये सविस्तर दाखवून दिले. मालागासीच्या शिक्षिका हा इतिहास केवळ सांगून थांबत नाहीत. वारांची नावे अरबीतून, गाय-कोंबडी यांसारख्या पाळीव प्राण्यांची नावे आफ्रिकेतील बांटू भाषांमधून आणि पुस्तकासाठीचा ‘बुकी’ हा शब्द इंग्रजीतून आला, हे त्या फळ्यावर मांडत जातात, तेव्हा हिंदी महासागरातील ये-जा शब्दांमधून डोळ्यांपुढे उभी राहते.

व्याकरणाची तुलना हा या वर्गाचा सर्वांत सकस भाग आहे. मालागासीत क्रियापद प्रथम आणि कर्ता शेवटी येतो, म्हणजे ‘वाचतो पुस्तक विद्यार्थी’ असा क्रम पडतो. योरुबात कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम असतो. मालागासीत काळ क्रियापदाच्या आरंभी कळतो : मामाकी म्हणजे वाचतो, नामाकी म्हणजे वाचले, हामाकी म्हणजे वाचेल. योरुबाचे क्रियापद असे बदलत नाही; काळ आणि क्रियेची अवस्था त्याच्या आधी येणाऱ्या छोट्या शब्दांवरून किंवा संदर्भावरून समजते, आणि एकाच वाक्यात क्रियापदांची मालिका लावण्याची सोय असते. तृतीयपुरुषी सर्वनामात स्त्री-पुरुष भेद मात्र दोन्हींत नाही, आणि तो-ती-तेच्या सवयीत वाढलेल्या आपल्याला ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो.

मराठी माध्यमाचा खरा लाभ इझाहाय आणि इसिका ही सर्वनामे शिकताना झाला. पहिले म्हणजे आम्ही आणि दुसरे म्हणजे आपण. इंग्रजीतून शिकताना ज्यासाठी बरेच विवेचन लागते, ते येथे एका वाक्यात उरकले. योरुबात हा भेद नाही, पण वडीलधाऱ्यांसाठी आदरार्थी अनेकवचन आहे, आणि तेही मराठी माणसाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. संख्यांच्या तासालाही असेच झाले. मालागासीत पंचेचाळीस म्हणताना आपल्यासारखेच एकक आधी येते : पाच आणि वर चाळीस. योरुबाच्या पारंपरिक पद्धतीत पन्नास म्हणजे साठातून दहा कमी, आणि पंचेचाळीस म्हणजे त्या पन्नासातून पाच कमी. एकोणपन्नास, एकोणसाठ म्हणणाऱ्या वर्गाला वजाबाकी नवी नव्हती, पण विसाच्या पटीत चालणारा हा हिशेब पचवताना दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांनी वहीत आकडेमोड केली. माझ्या मते हा संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वोत्तम तास होता.

आता उणिवेविषयी. योरुबात उच्च, मध्यम आणि नीच असे तीन सूर आहेत आणि ते अर्थ ठरवतात. नायजेरियातील इबादानहून शिक्षणासाठी आलेले योरुबाचे शिक्षक ‘ऑकॉ’ हा शब्द चार प्रकारे उच्चारून दाखवतात : नवरा, कुदळ, वाहन आणि भाला. त्यानंतर ते ओठ मिटून केवळ सूर गुणगुणतात आणि विद्यार्थ्यांना अर्थ ओळखायला लावतात, तेव्हा कान हळूहळू तयार होऊ लागतो. पण घरी येऊन पुस्तिका उघडावी, तर चारही शब्द एकसारखे छापलेले. सुरांच्या खुणा नाहीत आणि वेगळा उच्चार दाखवणारे रोमन अक्षरांखालचे बिंदूही नाहीत. उदात्त-अनुदात्तांच्या खुणा गाळलेल्या संहितेवरून वेदपठण शिकवावे, तसा हा प्रकार आहे. सॅम्युअल अजायी क्राउथर या योरुबाभाषक धर्मगुरूंनी आपल्या भाषेचा शब्दसंग्रह 1843 मध्येच प्रसिद्ध केला होता. त्या भाषेची पुस्तिका आज इतक्या निष्काळजीपणे छापली जावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. मालागासीला या छपाईचा फारसा फटका बसत नाही, कारण मादागास्करचा राजा रादामा पहिला याच्या काळात, 1820 च्या दशकात, स्वीकारलेली तिची रोमन लिपी साध्या अक्षरांवर भागते.

शुल्क माफक आहे, खोली हवेशीर आहे आणि प्रश्न विचारण्यास भरपूर मोकळीक मिळते. मालागासीसाठी हा वर्ग मी निःसंकोच सुचवेन. योरुबासाठीही सुचवेन, परंतु संचालकांनी पुढील तुकडीपूर्वी पुस्तिका चिन्हांसह नव्याने छापावी आणि सोबत ध्वनिमुद्रणे द्यावीत. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी प्रत्येक शब्दावर स्वतःच्या हाताने खुणा करून घ्याव्यात आणि शिक्षकांना विचारून उच्चार फोनवर मुद्रित करावेत. ते आनंदाने परवानगी देतात.