राजदूत ३५०चे कार्ब : काम झकास, किट निम्मं कचऱ्यात

रेटिंग आधीच देऊन टाकतो, कार्ब (कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) क्लीनिंगला ५ पैकी साडेचार आणि ऑनलाइन मागवलेल्या रिपेअर किटला २, ते दोन पण फक्त रबरासाठी.

गाडी राजदूत ३५०, म्हणजे एस्कॉर्ट्सने यामाहाच्या लायसन्सवर १९८३ पासून काढलेली आपली यामाहा आरडी ३५०. माझी एलटी (लो टॉर्क) आहे, २७ बीएचपीवाली, एचटीवाले (हाय टॉर्क) साडेतीस सांगून कॉलर ताठ करतात ते सोडा. दोन सिलेंडर, दोन मिकुनी कंपनीचे कार्ब, त्यामुळे दुखणं पण डबल. बरेच महिने उभी होती, टाकीत पेट्रोल तसंच, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं ते पाणी धरतं आणि जुन्या रबराची पार वाट लावतं. स्टार्ट केली की डावा सिलेंडर फायर होतोय, उजवा सायलेन्सर हाताला गारच, आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली पेट्रोल टपटप.

दुकान पुण्यात नाना पेठेत, गल्लीत आत, बोर्ड वगैरे काही नाही. नाव टाकत नाही कारण मेकॅनिक चाचा स्वतःच म्हणाले, "ऑनलाइन नको टाकू रे बाबा, आधीच कामं तुंबलीयेत."

उजव्या कार्बचा बाउल (खालची पेट्रोलची वाटी) उघडला तर तळाला हिरवट चिकट थर, आणि पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) पूर्ण बंद. बाकी ठिकाणी अशा वेळी सरळ तार घालतात आणि भोक कायमचं मोठं करून ठेवतात, इथे तारेला हात नाही. बॉडी आणि जेट सगळं अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये, मग प्रत्येक पॅसेजला हवा मारून पलीकडच्या भोकावर बोट धरून चेक. शेवटी जेट ट्यूबलाइटसमोर धरून मला दाखवला, भोक एकदम गोल दिसत होतं.

आता किट. गॅस्केट, ओ-रिंगा आणि फ्लोटची पिन (बाउल भरला की पेट्रोल बंद करणारी) ठीक आहेत, पिन बसवल्यावर टपटप थांबली. पण किटमधले पितळी जेट बघून चाचा हसायलाच लागले, जेटवर नंबर बरोबर छापलाय पण मिकुनीचा तो चौकोनातला चौकोन नाही आणि जुन्या जेटशेजारी धरला तर नुसत्या डोळ्यांना भोक लहान दिसतंय. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी गेलं की इंजिन जास्त तापतं, घाटात पिस्टन सीज झाला की जेटचे वाचलेले पैसे किती महागात पडतात ते कळेल. म्हणून जेट आणि निडल (थ्रॉटलप्रमाणे पेट्रोल कमीजास्त करणारी सुई) जुनेच धुऊन परत लावले, तुम्हीही जुने जेट कुणाला फेकू देऊ नका.

अजून एक गोष्ट जी बऱ्याच मेकॅनिकना माहितच नसते. या गाडीला चोक फक्त डाव्या कार्बला असतो, उजव्याला तिथून मधल्या छोट्या रबरी नळीतून चोकचं जादा पेट्रोल जातं, ती नळी तडकली की तिथून हवा ओढते आणि मग तुम्ही कितीही ट्युनिंग करा, आयडलिंग चढउतार होतच राहणार. माझी तडकलेली होती, किटमध्ये ती नव्हतीच, चाचांनी तेवढ्याच मापाची पेट्रोल पाइप कापून बसवली.

सिंक करायची, म्हणजे दोन्ही कार्ब एकदम उघडतील असं जुळवायची, पद्धत बघण्यासारखी आहे. दोन्ही स्लाइडखाली (थ्रॉटलने वर उचलला जाणारा भाग) सायकलच्या आऱ्याचा एकेक तुकडा अडकवला आणि थ्रॉटल इतका हळू फिरवला की मलाच घाई झाली, एक तुकडा आधी पडला की केबलचा अॅडजस्टर जरासा फिरवायचा आणि परत पहिल्यापासून, दोन्ही एकदम पडेपर्यंत.

साफसफाई आणि सेटिंग मिळून १४०० घेतले, दोन कार्बचे. अर्धा स्टार कापला कारण "गुरुवारी घेऊन जा" म्हणतात, कुठला गुरुवार ते आधी विचारून घ्या.

थोडी चालवून आणा म्हणाले, आणली, मग प्लग काढून बघितले तर उजवा मस्त कॉफी कलरचा आणि डावा जरा काळा. डाव्या निडलची क्लिप एक खाच वर केली म्हणजे निडल तेवढी खाली बसली, मग दोन्ही सारखे आले, त्याचे वेगळे पैसे नाही घेतले, फक्त चहा सांगायला लावला.