‘पायरीमागे इतके’ : जिन्याच्या कोटेशनमध्ये फसवणूक नेमकी कुठे होते

जिन्याच्या कामात फसवणूक दरात क्वचितच असते. दर चार ठिकाणी विचारून पडताळता येतो. लुबाडलं जातं ते मोजण्याच्या पद्धतीत: पायरी कशाला म्हणायचं, लांबी आडवी धरायची की तिरपी, वजन कधी करायचं. घरमालक दरावर घासाघीस करतो आणि समोरचा दर सहज खाली आणतो, कारण त्याची कमाई मापाच्या रकान्यात असते.

नेहमीचा प्रकार असा. मिस्त्री येतो, टेप न काढता वर बघतो आणि सांगतो, “पंधरा पायऱ्या होतील, पायरीमागे इतके, सगळं धरून.” कागदावर एकच ओळ येते. काम संपल्यावरच्या बिलात मात्र पायऱ्या बावीस झालेल्या असतात. दर तोच, एक पैसाही वाढलेला नाही, तरी रक्कम जवळजवळ दीडपट. भांडायला जावं तर त्याच्याकडे हिशोब तयार असतो.

तो हिशोब उलगडून पाहू. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच उंची धरा. ही उंची फरशी ते फरशीच मोजायची. फरशी ते छत मोजलं की स्लॅबची जाडी सुटते आणि कोटेशन आपोआप स्वस्त दिसतं. १२० ला ८ इंचांनी भागलं की पंधरा चढ (एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जायची उभी उंची) निघतात. पण ८ इंचांचा चढ आणि ९ इंचांचं पाऊल (पाय ठेवायची आडवी जागा) म्हणजे जवळपास ४२ अंशांचा जिना. म्हाताऱ्या माणसाला आणि हातात सामान असलेल्या कुणालाही तो त्रासाचाच. (दोन राइजर, म्हणजे चढ, अधिक एक ट्रेड, म्हणजे पाऊल, ही बेरीज २३ ते २५ इंचांत बसावी, हे जुनं सूत्र कुणी तोंडावर फेकलं तर लक्षात ठेवा, ८ चे दोन चढ आणि ९ चं एक पाऊल यांची बेरीजही २५ च होते. सूत्रात बसला म्हणून जिना सोयीचा ठरत नाही.) काम सुरू झाल्यावर तोच मिस्त्री सांगतो की जिना फार उभा होतोय, १८ चढ करू. सल्ला बरोबर असतो, फक्त तो कोटेशन देतानाच द्यायला हवा होता. ६.६७ इंचांचे १८ चढ, १० इंचांचं पाऊल, मध्ये लँडिंग (वळणावरचा सपाट टप्पा) आणि नऊ-नऊ चढांच्या दोन ओळी. यात प्रत्यक्ष पावलं सोळाच असतात, प्रत्येक ओळीत आठ. नववा चढ लँडिंगवर किंवा वरच्या मजल्यावर संपतो. बिलात मात्र १८ चढ म्हणजे १८ पायऱ्या आणि वर ‘लँडिंगच्या चार’. झाल्या बावीस.

म्हणून ‘पायरी’ हे एकक कोटेशनमध्ये ठेवूच नये. ठेवायचंच असेल तर चढ किती, पावलं किती, लँडिंगचं क्षेत्रफळ किती आणि ते पायरीच्या दरात आहे की वेगळं, हे लिहून घ्यावं. सोबत दोन रेघांचा का होईना, मापं टाकलेला उभा छेद (जिना बाजूने कापल्यासारखं दाखवणारं रेखाटन) हवा. त्यात डोक्यावरची मोकळी उंची दाखवलेली पाहिजे. कुठल्याही पायरीच्या नाकापासून (पुढच्या कडेपासून) वरच्या स्लॅबपर्यंत किमान ८० इंच धरा, ८४ मिळाले तर उत्तम. जिना लांबला की स्लॅबमधली जिन्याची मोकळी जागा लांबवावी लागते, आणि स्लॅब कापणं ही नंतर येणाऱ्या ‘एक्स्ट्रा’मधली सगळ्यात महाग ओळ असते.

आता काँक्रीट. तीन फूट रुंदीचा वरचाच जिना घेऊ, वेस्ट स्लॅब (पायऱ्यांखालची तिरपी स्लॅब) आणि लँडिंग ६ इंच जाडीचं. एका ओळीची आडवी लांबी ८० इंच, तिरपी जवळपास ८ फूट. दोन्ही ओळींच्या वेस्ट स्लॅबचं काँक्रीट २४ घनफूट. लँडिंग साडेसहा फूट बाय तीन फूट, म्हणजे पावणेदहा घनफूट. राहिल्या पायऱ्या. वेस्ट स्लॅबवर बसणारी पायरी त्रिकोणी असते, म्हणून चढ गुणिले पाऊल गुणिले रुंदी आणि त्याचं अर्ध. एका पायरीला सुमारे ०.७ घनफूट, सोळांना ११. एकूण ४५ घनफुटांच्या आसपास. यात ते ‘अर्ध’ गाळायचं, ही युक्ती इतकी साधी आहे की कुणी तपासतच नाही. पायऱ्यांचे ११ चे २२ होतात, एकूण आकडा ५६ वर जातो आणि न ओतलेल्या काँक्रीटचे पैसे पाव हिश्शाने जास्त जातात. सेंटरिंगमध्येही (काँक्रीट ओतायच्या फळ्यांच्या साच्यात) हाच खेळ चालतो: खालची तिरपी बाजू एकदा, राइजरच्या फळ्या एकदा, आणि मग ‘पायऱ्यांचं सेंटरिंग’ म्हणून राइजर पुन्हा एकदा.

सळईची चोरी जास्त धोक्याची, कारण ती पैशापुरती राहत नाही. सळईचं मीटरमागे वजन काढायला व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागायचं. १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलो, १० मिमीची ०.६२. नकाशात १२ असताना १० बांधली तर तीस टक्क्यांहून जास्त लोखंड गायब होतं आणि सिमेंट पडल्यावर ते कुणालाच दिसत नाही. बांधलेल्या सळईला कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावा (मापताना तिच्यावरच्या उंचवट्यांचं भान ठेवा), अंतरं टेपने मोजा, आणि काँक्रीटच्या आधी टेप दिसेल असे फोटो काढून ठेवा.

फोटोंमध्ये एक जागा आवर्जून हवी: जिन्याची तिरपी स्लॅब वर चढून लँडिंगला मिळते तो खालचा कोपरा. तिथे खालची सळई कोपऱ्याच्या आकारात वाकवून पुढे नेली, तर ताण आल्यावर ती सरळ व्हायला बघते आणि खालचं कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येते. बरोबर पद्धतीत तिरप्या स्लॅबची खालची सळई सरळ वर जाऊन लँडिंगच्या वरच्या थरात अडकते, आणि लँडिंगची खालची सळई तिरप्या स्लॅबच्या वरच्या थरात शिरते. दोन्ही एकमेकींना ओलांडतात. यात सळईची लांबी जास्त लागते, म्हणून काटछाट नेमकी इथेच होते. नंतर त्या कोपऱ्यात आडवी भेग दिसली की पुटी मारून रंग देतात.

लोखंडी जिन्यात फसवणुकीची दिशा दर कशावर ठरलाय त्यावर बदलते. ठोक रक्कम ठरली असेल तर माल पातळ येतो, किलोवर दर असेल तर नको तितका जाड. तीन फूट बाय दहा इंचांची सपाट पायरी ५ मिमी पत्र्यात सुमारे ९.१ किलोची, ४ मिमीत ७.३ किलोची. सोळा पायऱ्यांत फरक २९ किलोंचा. ५० बाय ५० चा चौकोनी पाइप ३ मिमी जाडीत मीटरला साडेचार किलोंच्या जवळपास, २ मिमीत तीन. पाइप बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून जाडी कापलेल्या टोकाला मोजायची, तीही टोपी वेल्ड होण्याआधी. टोकाला कापल्याचा बुरा असेल तर तो घासून मग कॅलिपर लावा, नाहीतर माप फुगतं.

वजनाच्या पावतीवर विसंबू नका. कच्चा माल कापण्याआधी काट्यावर चढवतात आणि उरलेले तुकडे फॅब्रिकेटर (लोखंडी काम करणारा) परत नेतो, म्हणजे भंगाराचे पैसे दोनदा वसूल. शिवाय ट्रकच्या मोठ्या काट्यावर थोडा माल तोलला की काट्याच्या बारीक चुकीचाही टक्का मोठा होतो. नकाशावरून वजन काढणं अवघड नाही. पोलाद चौरस मीटरला, १ मिमी जाडीमागे ७.८५ किलो भरतं. प्रत्येक तुकड्याचं वजन काढून बेरीज करा, वेल्डिंगसाठी दोन-तीन टक्के धरा. तयार जिन्याचं वजन याच्या फार वर जाता कामा नये. वाया जाणाऱ्या मालाचे पैसे मागायला हरकत नाही, पण ते वेगळ्या ओळीत मागावेत, आणि मग तुकडे घरमालकाचे.

कठड्याकडे लोक शेवटी बघतात, आणि बजेट बहुधा तिथेच फुटतं. रनिंग फुटाचा दर असेल तर हँडरेलच्या तिरप्या लांबीवर मोजणं रास्तच आहे. काचेचा किंवा जाळीचा कठडा चौरस फुटावर असेल तर नीट पाहा. तिरपा कठडा समांतरभुज असतो. त्याचं क्षेत्रफळ आडवी लांबी गुणिले उभी उंची. बिलात तिरपी लांबी गुणिले उभी उंची टाकतात. आपल्या जिन्यात एका ओळीला ६.६७ गुणिले ३ म्हणजे २० चौरस फूट व्हायला हवेत, तिथे ८ गुणिले ३ म्हणजे २४ लागतात. सरळ २० टक्के. काच तिरपी कापताना बाजूचा भाग वाया जातो आणि काचवाला पूर्ण आयताचे पैसे लावतो, हे खरं आहे. पण ते दर ठरतानाच सांगायचं असतं.

स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ प्रतीचं सांगून २०२ प्रतीचं लावणं इतकं रुळलंय की काहींना ती फसवणूकही वाटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मॅंगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि दमट किंवा खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. लोहचुंबक लावून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास चिकटत नाहीत, त्यामुळे त्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. मॅंगनीज ओळखणारं टेस्टिंग लिक्विड मिळतं. बाटली मात्र स्वतः विकत घ्या, फॅब्रिकेटरच्या खिशातली वापरू नका. आणि नमुन्याच्या तुकड्यापुरतं न थांबता बसवायला आणलेल्या प्रत्येक पाइपावर थेंब टाका. जाडीही बघा: दोन इंची गोल पाइप १.६ मिमीत मीटरला दोन किलोंच्या जवळ जातो, १.२ मिमीत दीड किलोच.

दगडाचं काम तुलनेने उघडं असतं. नोजिंगसाठी, म्हणजे पुढे आलेल्या कडेसाठी, एक इंच पुढे काढून ११ इंचांचं पाऊल लागतं; सोळा पावलांचे ४४ चौरस फूट होतात, ते १२ इंच धरून ४८ करतात. कडेचं मोल्डिंग समोरच्या एकाच कडेला असतं, सोळा गुणिले तीन म्हणजे ४८ रनिंग फूट आणि लँडिंगची कड. भिंतीत जाणाऱ्या बाजूचे पैसे मागितले तर ती ओळ खोडून टाका. न घसरण्यासाठीच्या खाचा, स्कर्टिंग (भिंतीलगतची पट्टी), जिन्याखालचं प्लास्टर आणि उघड्या बाजूची पट्टी या चार गोष्टी ‘सगळं धरून’ या शब्दांत जवळपास कधीच नसतात.

लाकडी जिन्यात घनफूट खडबडीत मापाने लावतात. दीड इंची फळी रंधा मारल्यावर सव्वा इंच उरते. पैसे कुठल्या जाडीचे, ते आधी ठरवा. ‘सॉलिड’ म्हणून विनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) येत नाही ना, हे फळीच्या आडव्या कापात दिसतं, वरच्या पॉलिशमध्ये नाही.

अॅडव्हान्स मागणं यात गैर काही नाही, मापाने बनणाऱ्या वस्तूला माल आधी घ्यावाच लागतो. पहिल्या टप्प्याचा माल येईल इतकाच द्या, आणि पुढचा हप्ता माल जागेवर उतरून मोजल्यावर. “भाव चढतोय, आजच सगळे द्या” हे वाक्य आलं की मालाचं बिल स्वतःच्या नावावर करायला सांगा. खरा माणूस तयार होतो.

शेवटचा दहावा हिस्सा जिना पूर्ण बसून प्रत्येक चढ टेपने मोजेपर्यंत रोखून ठेवा. दोन चढांत पाव इंचाहून जास्त फरक असेल तर तिथे पाय अडखळणार. फरक बहुतेक वेळा पहिल्या किंवा शेवटच्या चढात निघतो, कारण काँक्रीट टाकताना खालच्या-वरच्या फरशीची आणि तिच्याखालच्या सिमेंट-वाळूच्या मालाची जाडी धरलेली नसते. ती सहज दोन इंच होते. मग काँक्रीटवाला गवंड्याकडे बोट दाखवतो, गवंडी ‘लेव्हल काढायचे’ वेगळे मागतो. दगड बसण्याआधी हे लक्षात आलं तर तो फरक मालाची जाडी कमी-जास्त करून त्या ओळीतल्या सगळ्या पायऱ्यांत वाटून देता येतो. दगड चिकटल्यावर पायऱ्या उखडाव्याच लागतात, म्हणून पहिलं मोजमाप कच्च्या काँक्रीटवर, गवंडी कामाला लागण्याच्या आधी.